तांदळाच्या दाण्याएवढे

आमच्या घरी कूलर येणार ही बातमी आळीत पसरली, त्यात माझा काही दोष नव्हता. २०२४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. सांगलीच्या ऑक्टोबराला थंडीची चाहूल वगैरे काही ठाऊक नसते. पावसाळ्याने भिजवलेली जमीन तो तव्यासारखी तापवून काढतो. अशा भर दुपारी कुरियरवाल्याचा फोन आला आणि तो आमच्या सौभाग्यवतीने घेतला. “काकू, तुमचा कूलर आलाय, घरी आहात ना?” एवढेच तो म्हणाला. पण तेवढ्यावर हिने खिडकीतल्या कुंड्या हलवून जागा केली, शेजारच्या वहिनींना वाळ्याचे पडदे कुठे मिळतात ते विचारून घेतले आणि चहाचे आधणही ठेवले. तीस वर्षे ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणणारा नवरा न सांगता कूलर मागवतो, म्हणजे त्याला चहा द्यायला हवा, असा तिचा सरळ हिशेब.

अर्ध्या तासाने पोऱ्या आला, तो मिठाईच्या खोक्याएवढे एक खोके काखेत मारून. ते टेबलावर ठेवून ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

“अहो, हा कसला कूलर? यात पाणी कुठं घालायचं?”

“पाणी आतच आहे,” मी म्हणालो. हे उत्तर अक्षरशः खरे होते; पण ते ज्या सुरात मी दिले त्या सुरामुळे चहा मात्र मिळाला नाही.

कूलर माणसांसाठी नव्हता, संगणकासाठी होता. संगणकाला ताप येतो हे मला सत्तराव्या वर्षी कळले. वस्तुतः मला ते आधीच कळायला हवे होते. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू जेवढी वीज खाते तेवढी उष्णता अखेर खोलीत सोडते, हे मी हायस्कुलात तेहेतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. संगणकाचा प्रोसेसर तर चाक फिरवत नाही की ओझे उचलत नाही. त्याचे सगळे काम बेरजा-वजाबाक्यांचे, आणि त्या कामाला घेतलेली सारी वीज शेवटी उष्णताच होते. आमच्या यंत्रातल्या प्रोसेसरवर ६५ वॅट असा आकडा आहे. जुना ६० वॅटचा दिवा विझवल्याबरोबर ज्याने हाताने काढायचा प्रयत्न केला असेल त्याला हा आकडा समजावून सांगायला नको. त्या दिव्याची उष्णता निदान मुठीएवढ्या काचेवर पसरलेली असे. इथे गणित करणारी सिलिकनची चकती आहे जेमतेम ७४ चौरस मिलिमीटरांची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. एवढ्या नखावर तेवढा दिवा! उष्णता लगोलग काढून नेली नाही, तर तो ९५ अंशांपर्यंत चढतो. मग दमलेल्या मुलाने पेपर हळूहळू लिहावा तसे आपले काम मंद करतो. आणि तरीही सुटका झाली नाही, तर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो.

आमचे यंत्र बंद पडू लागले होते, आणि तेही नेमके नको त्या वेळी.

हे यंत्र माझे नव्हे, माझ्या मुलाचे. २०२० साली टाळेबंदीत तो पुण्याहून घरी आला, आणि जेवणाच्या टेबलावर सुटे भाग मांडून त्याने ते आपल्या हाताने जुळवले. दोन वर्षे त्याच्यावरच त्याने नोकरी केली. २०२२ साली जर्मनीतली नोकरी चालून आली, तेव्हा तो जाणार हे मला समजायला वेळ लागला आणि पटायला त्याहून अधिक. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या तोंडून एक वाक्य गेले. “जातोस तर तुझं हे खोकंही घेऊन जा,” मी म्हणालो. तो काही बोलला नाही. खोके मात्र राहिले. त्यानंतर दर रविवारी फोन येई. “कसे आहात?” “बरा आहे. तू?” “मीही बरा आहे. आईला द्या.” दोन वर्षे आमचे संभाषण या तीन वाक्यांपुढे गेले नव्हते.

त्या खोक्याला मी वर्षभर हात लावला नाही. पण माळ्यावर माझ्या आईच्या नऊ कॅसेटी होत्या. १९८४ सालच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो, तेव्हा नवा टू-इन-वन बरोबर नेला होता. गावात विजेची गिरणी केव्हाच आली होती. तरीही माझ्या हट्टाखातर आई पहाटे जात्यावर बसली आणि तिने ओव्या म्हटल्या. नऊ पहाटा, नऊ कॅसेटी. आई १९९१ साली गेली. तेव्हा माझा मुलगा वर्षाचा होता. तिचा आवाज त्याच्या कानात असणे शक्य नाही. कॅसेटीची फीत आता चिकटू लागली होती, आणि तिच्यातले जे उतरवून घ्यायचे ते आताच घ्यायला हवे होते. मुलाचे खोके मी उघडले ते यासाठी.

कॅसेट संगणकात उतरवणे सोपे. पण तीत घरघर फार होती. ध्वनिमुद्रणातून माणसाचा आवाज तेवढा वेगळा काढणारे कार्यक्रम आता मिळतात. तासाभराच्या कॅसेटीला ते दोन-तीन तास घेतात, आणि तेवढा वेळ प्रोसेसर पुऱ्या ताकदीने राबत असतो. अर्ध्या तासात पंखा किंचाळू लागे, मग घर्रघर्र करी, मग थांबे. आणि थोड्या वेळाने सगळेच काळे होई. दुकानदाराने बघून सांगितले, “काका, जुनं झालं. नवीनच घ्या.” रविवारी मी फोनवर मुलाला सांगितले. तो म्हणाला, “पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. बाबा, तुम्ही मात्र हात लावू नका. मी आलो की बघतो.”

‘आलो की’ म्हणजे केव्हा, हे मी विचारले नाही. फूटपट्टी घेऊन पेटीची रुंदी मोजली आणि कूलर मागवला.

आता या कूलरविषयी थोडे सांगतो. कारण ती वस्तू पाहून मला जो आनंद झाला तो वाटून घ्यावासा वाटतो. खाली तांब्याचा एक गुळगुळीत तळ. त्यातून निघालेल्या चार तांब्याच्या नळ्या, आणि त्या नळ्यांवर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. उंची १५५ मिलिमीटर. आमच्या पेटीत १६० पर्यंत मावते. शेजारी १२० मिलिमीटरांचा पंखा. नळ्या भरीव नसतात. आत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते. हवेचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून तर महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो. या नळीत जवळजवळ पोकळीच, त्यामुळे पाणी थोड्याशा उबेनेच वाफ होते. वाफ नळीच्या गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता पत्र्यांना देऊन पुन्हा पाणी होते, आणि पाणी परत तळाशी येते. अशा नळीचे एक पेटंट अमेरिकेत गॉगलर यांना १९४४ साली मिळाले होते. पुढे १९६३ साली लॉस अलामोस येथे ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली.

हे सगळे मी कागदावर आकृती काढून हिला समजावू लागलो. अर्ध्यावरच ती म्हणाली, “म्हणजे आपण भाजीवर ताटात पाणी ठेवतो तसं. वाफ वर जाते, ताटाला लागून गार होते, तिचं पाणी परत भाजीत पडतं. भाजी करपत नाही.”

मी पेन्सिल खाली ठेवली. एवढे नेमके उदाहरण मला वर्गात एकदाही सुचले नव्हते. तरी मास्तरकी सुटत नाही; मी विचारले, “पण ही नळी आडवी असेल, तर पाणी परत कसं येईल?”

“वात असेल आत,” ती म्हणाली. “समईत तेल वर चढतंच ना?”

आणि खरोखरच आत वात असते. सुताची नव्हे, तांब्याच्या भुकटीची, नळीच्या आतल्या अंगाला भाजून बसवलेली. मला चहा मिळाला तो त्या वेळी.

रविवारी सकाळी शेजारची सातवीतली मुलगी मदतीला आली. तिचे हात लहान, नजर तीक्ष्ण, आणि ‘आजोबा, हे कशाला?’ हा प्रश्न सतत तयार. पेटीची बाजू काढली तर आत चार वर्षांची धूळ लोकरीसारखी साचलेली. ती मऊ ब्रशाने काढली. जुन्या कूलरचे चारही स्क्रू सैल केले. बोर्डाच्या मागची पट्टी निसटू नये म्हणून मुलीने ती मागून धरली. इथवर सारे यथासांग झाले. मग मी जुना कूलर धरला आणि सरळ वर ओढला.

तो येईना. मी जरा जोर केला. ‘टच्‌’ असा आवाज झाला आणि कूलर हातात आला. त्याच्याबरोबर प्रोसेसरही आला. कुलूपबंद खोबणीतून तो तसाच उपटून निघाला होता आणि कूलरच्या तळाला चिकटून उलटा लोंबत होता.

त्याच्या खालच्या अंगाला सोन्याच्या रंगाच्या बारीक पिना असतात, १३३१. अकराचा घन! एरवी मला या योगायोगाचा आनंद झाला असता. त्या वेळी मला दिसल्या त्या एका कोपऱ्यातल्या, वादळात सापडलेल्या उसासारख्या आडव्या झालेल्या सात पिना.

“आजोबा, मोडलं?” मुलीने हळूच विचारले.

मी काही बोललो नाही. नऊ कॅसेटींपैकी दोनच उतरल्या होत्या. पण खरे सांगायचे, तर त्या क्षणी मला कॅसेटी आठवल्या नाहीत. ‘हात लावू नका’ आठवले. आणि ‘तुझं हे खोकंही घेऊन जा’ हेही आठवले.

दिवसभर मी फोन केला नाही. रात्री दहाला केला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. झाले ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता.

“काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवलंत का?”

“नाही. कालपासून बंदच होतं.”

“मधला लेप वाळून घट्ट झालेला असतो, बाबा. आधी गरम करायचं, मग हलकेच पिळायचं. सरळ उपटायचं नाही.” मग तो थांबला आणि म्हणाला, “हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“तू सांगितलं होतंस की. हात लावू नका म्हणून.”

तो हसला. दोन वर्षांनी मी त्याला हसताना ऐकले.

मग त्याने व्हिडिओ सुरू करायला सांगितले. शेजारून केस वाळवायचे यंत्र आणले. त्याच्या गरम हवेने लेप मऊ केला आणि हलकेच पिळून प्रोसेसर सोडवला. मुलीची शिसे बदलायची पेन्सिल मागून घेतली. तिच्यातले शिसे काढले की पुढे जे पोकळ टोक उरते ते पिनेवर बरोबर बसते. एकेक पिन त्यात घ्यायची आणि केसभर उभी करायची. आधी एका दिशेने पाहायचे, मग काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेने. माझा हात थरथरे. “घाई करू नका,” तो म्हणे. “टेबलाला कोपर टेका. श्वास सोडताना वळवा.” भूमितीची आकृती काढताना त्याचा हात घसरे, तेव्हा मी त्याच्यामागे उभा राहून हेच म्हणत असे; शब्दसुद्धा जवळजवळ हेच. सात पिनांना दोन तास लागले. मधूनमधून आम्ही काहीच बोलत नव्हतो. पण ती शांतता रविवारच्या फोनमधल्या शांततेसारखी नव्हती. त्याने आपली भाजी फोडणीला टाकली ती मला ऐकू येत होती, आणि आमच्या घड्याळाचे बाराचे ठोके त्याने मोजले.

मी खोबणीचा दांडा उचलला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर वरून नुसता ठेवला. दाबायचे नाही, नीट असेल तर तो आपल्या वजनाने बसतो. तो बसला. दांडा खाली केला.

“आता झोपा,” मुलगा म्हणाला. “लेप उद्या लावू.”

‘लावा’ म्हणाला नाही, ‘लावू’ म्हणाला.

या लेपाविषयी सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी व्हायची नाही. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ, दोन्ही आरशासारखे दिसतात. कुणालाही वाटेल, एकावर एक ठेवले की झाले. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे सह्याद्री असतो. शिखरे तेवढी शिखरांना टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. हवा ही उष्णतेच्या दृष्टीने मोठी आडमुठी. तांबे तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता नेते. म्हणून त्या दऱ्या भरायला मध्ये लेप हवा. लेप हवेपेक्षा शेकडो पट बरा. पण तांब्याच्या मानाने तोही गरीबच. म्हणून तो जाड थापला, तर जी अडचण दूर करायला आणला तीच तो स्वतः होऊन बसतो. दऱ्या भराव्यात, शिखरांना शिखरे टेकू द्यावीत, एवढेच त्याचे काम.

“किती घालू?” दुसऱ्या दिवशी मी विचारले. वाफाळलेला भात ताटात वाढताना मी नेहमी जास्त वाढतो, हे त्याला ठाऊक होते.

“तांदळाच्या दाण्याएवढा, बाबा. फार तर दोन.”

आधी जुना लेप काढला. औषधाच्या दुकानातून आणलेले अल्कोहोल आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. प्रोसेसरचा माथा लख्ख झाला. जुना कूलर बाजूला ठेवताना त्याच्या कडेला एक राखी डाग दिसला. उजेडात धरून पाहिले, तर अंगठ्याचा ठसा. चार वर्षांपूर्वी तो बसवताना लेप लागलेला अंगठा तिथे टेकला असावा. सगळ्या रेषा स्पष्ट होत्या. तो कूलर आता उपयोगाचा नव्हता, म्हणून तो पुसायची गरजही नव्हती.

मग दाण्याएवढा लेप मधोमध ठेवला आणि नवा कूलर सरळ खाली टेकवला. स्क्रू घट्ट करताना एकच एकदम पिळायचा नाही. या बाजूला दोन वेढे, त्या बाजूला दोन वेढे, म्हणजे दाब सारखा पडतो आणि लेप चहूकडे सारखा पसरतो. मुलीने पंख्याची तार बोर्डावरच्या चार काट्यांच्या जागी लावली. बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरे आली. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या हातात घेऊन ही उभी होती. तिने तिथूनच देवाला हात जोडले.

पण मास्तराला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. प्रोसेसरच्या परीक्षेसाठी एक फार सुंदर कार्यक्रम आहे. तो मुळात त्यासाठी लिहिलेलाच नाही. सतराव्या शतकात मर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक होऊन गेला. दोनाच्या घातातून एक वजा केला की काही वेळा मूळ संख्या मिळते: ३, ७, ३१, १२७. काही वेळा मिळत नाही; दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि तो २३ गुणिले ८९. अशा अवाढव्य मूळ संख्या जगभरच्या घरगुती संगणकांनी मिळून शोधाव्यात म्हणून वोल्टमन यांनी १९९६ साली एक उपक्रम सुरू केला. त्यांच्या कार्यक्रमात यंत्राची कसोटी घ्यायची सोय आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी प्रचंड गणिते तो यंत्राला सलग घालतो. यंत्र तापून गडबडले आणि एक आकडा जरी चुकला, तर लगेच पकडतो. परीक्षकाजवळ उत्तरपत्रिका तयार! त्याच ऑक्टोबरात या उपक्रमातून तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली होती: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक, ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. माझ्या वर्गात कुणी विचारले असते, ‘सर, याचा उपयोग काय?’ तर आता मी म्हणू शकलो असतो, ‘कूलर नीट बसला की नाही ते कळतं.’

खोलीत ३१ अंश होते. कसोटी सुरू केली. आकडा चढू लागला: ५५, ६८, ७७. मुलगी वहीत दर मिनिटाला टिपत होती. पंधरा मिनिटांनी तो ८४ वर स्थिर झाला. पूर्वी तो ९५ ला जाऊन अडकत असे. तेव्हा हे काही वाईट नव्हते. पण मुलगा फोनवर म्हणाला, “एवढ्या मोठ्या कूलरला हे जास्त आहे. वारा कुठल्या दिशेनं जातोय ते बघा.”

वारा दिसणार कसा? आम्ही विचारात पडलो आणि मुलगी देवघरातून उदबत्ती घेऊन आली. तिने ती पेटीपासून जरा दूर धरली. धूर पुढच्या जाळीतून आत जायला हवा आणि मागून बाहेर पडायला हवा. पण आत तो घुटमळत होता, गिरकी घेऊन पुन्हा पुढे येत होता. पंखा मी उलटा बसवला होता! पेटीचा मागचा पंखा हवा बाहेर खेचत होता आणि माझा पंखा तीच पुढे ढकलत होता; एका घरात दोन कारभारी असले की व्हायचे तेच. पंखा काढून फिरवून लावला. उदबत्तीचा धूर एका सरळ रेषेत आत गेला आणि मागून निघाला. पुन्हा पंधरा मिनिटे: ७८. खोलीच्या वर ४७ अंश, गणितात एकही चूक नाही. मुलीने वहीत ‘पास’ लिहिले आणि खाली माझी सही घेतली.

पण खरा निकाल आकड्यांत नव्हता. यंत्र पुऱ्या ताकदीने चालू असताना मी छताचा पंखा बंद केला, आणि मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

त्या रात्री तिसरी कॅसेट लावून मी झोपलो. सकाळी काम पुरे झाले होते. कानाला लावले. आईचा आवाज स्वच्छ, एकटा, जसा काही रिकाम्या सभागृहात. पण ऐकताना मला चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले. ओवीच्या मध्येच ती थांबे. का थांबे ते कळेना. शेवटी ताडून पाहायला मी मूळ ध्वनिमुद्रण लावले. यंत्र आता अगदी गप्प होते, आणि त्या शांततेत मला ती घरघर पहिल्यांदा नीट ऐकू आली. मी तिला फितीचा दोष समजत होतो. खोक्याच्या पंख्याच्या आवाजात मला ती वेगळी कळलीच नव्हती. ते जाते होते. आई थांबे ती जात्यात वैरण घालायला. मुठीतले दाणे पडल्याचा आवाज येई, जाते जड होई, आणि मग ओवीची पुढची ओळ त्या जडपणाला खांदा लावून उठे. मी महिनाभर पुसायला बसलो होतो ते हे.

मी ते तसेच मुलाला पाठवले, जात्यासकट. काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळात त्याचा फोन आला, तसा कधी येत नाही. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, “बाबा, जातं राहू द्या.” आणि लगेच, जणू दुसरेच काही विचारायला फोन केला होता अशा सुरात, “किती डिग्री आहे आज?”

त्या दिवाळीला तो आला नाही, सुट्टी नव्हती. हिने फराळाचा डबा पाठवला, त्यात तिखट शेव जास्त. दर रविवारी मात्र फोनवर तो आधी तेच विचारतो. मी आकडा सांगतो. खोलीचा किती, यंत्राचा किती. एवढा एक दाणा मध्ये पडला की मग बाकीचे बोलणे आपोआप पसरते: त्याचे ऑफिस, माझे गुडघे, आईची औषधे. नऊही कॅसेटी आता उतरल्या आहेत. जुना कूलर मी भंगारात दिलेला नाही. साफसफाईच्या वेळी ही विचारते, मी ‘असू दे’ म्हणतो, आणि ती त्याच्यावरची धूळ झटकून तो पुन्हा जागेवर ठेवते. ठशाला फडके लावत नाही.

परवा बोलताबोलता मुलगा म्हणाला, “बाबा, तो लेप काही वर्षांनी पुन्हा वाळतो. बदलावा लागेल. पण मी आलो की बदलू. तुम्ही हात लावू नका.”

मी म्हणालो, “बरं. नाही लावत.”